शिडी राहू द्या इथेच

२ फेब्रुवारी, सोमवार

कंत्राटदार येऊन गेला. काळा चष्मा घरातही काढला नाही. म्हटलं बरं झालं, भिंतींची ओल दिसायची नाही. दिसली! सगळी दिसली. नव्हती तीसुद्धा दिसली. मग कागदावर एक आकडा लिहिला आणि कागद उलटा करून नवऱ्यापुढे सरकवला — स्थळ नाकारल्याचा निरोप द्यावा तसा. नवऱ्याने वाचला आणि पाणी मागितलं. पाणी कुठून देणार? नळच नाहीत. त्याच्यासाठीच तर या माणसाला बोलावलं होतं!

तेवढ्या पैशांत असलंच आणखी एक पडकं घर आलं असतं, आणि शिवाय एक काळा चष्मा.

ठरलं. कंत्राटदार नको. मीच एकेक माणूस शोधणार. प्लंबर वेगळा, फरशीवाला वेगळा, रंगारी वेगळा, वायरमन वेगळा. आणि स्वस्तात. ऑफिसात बावीस वर्षं आवक-जावक सांभाळली, चार कारागीर सांभाळता येणार नाहीत?

नवरा म्हणाला, "बघू." तो सगळ्यालाच बघू म्हणतो. लग्नालाही असंच म्हणाला होता.

३ फेब्रुवारी

इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर माझंच मला पलटता यायचं नाही.

ऑफिस बंद पडलं तेव्हा हातात आलेलं सगळं मी या घरात घातलं. घ्यायचं, नीट करायचं, विकायचं. कमी पडले ते मोठ्या भावजींनी दिले. पैशाबरोबर अटही दिली. फेब्रुवारी संपेपर्यंत घर दाखवायच्या लायकीचं झालं नाही, तर आहे तसं दलालाच्या गळ्यात मारायचं, येईल त्या भावाला. आणि एक मार्चपासून मी त्यांच्या गाद्या-उशांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. "घरचं दुकान असताना बाहेर धडपड कशाला? बस की आरामात!"

तो आराम मला ठाऊक आहे. जाऊबाई आजारी होत्या तेव्हा आठवडाभर बसले होते. गिऱ्हाईक गादी कशी आहे बघायला आडवं होतं — आणि झोपतं. त्याला उठवायचं काम माझं. मागून भावजी ओरडणार, "अगं, उशी दाखव उशी!"

मला उरलेलं आयुष्य उशा दाखवत काढायचं नाही. बस्स. आणि महिनाही मेला नेमका अठ्ठावीस दिवसांचा!

४ फेब्रुवारी

घर झाडलं. पुढच्या खोलीत, दारातून पहिल्यांदा दिसेल अशी एक शिडी उभी आहे. घराबरोबर आली. अंगभर पिस्ता रंगाचे थेंब. घरात कुठल्याच भिंतीला पिस्ता रंग नाही! चौथी पायरीही नाही. नवरा म्हणाला, टाकून देऊ. मी म्हटलं, राहू दे. फुकट आलेलं टाकू नये.

पाणी समोरच्या काकूंकडून आणलं. काकू खिडकीतच राहतात म्हटलं तरी चालेल. बादली भरून देताना म्हणाल्या, "याआधीच्यांनीही असंच ठरवलं होतं हो. स्वतःच माणसं शोधायची." मग नुसत्या हसल्या.

६ फेब्रुवारी

तीन रंगारी आले. तिघेही तसेच गेले!

नाक्यावरच्या चहावाल्याकडे सगळी कारागीर मंडळी बसते, तिथे निरोप ठेवला होता. पहिला आला, दारातून डोकावला, "आत कोणी लागलंय का?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही हो, या ना." त्याने आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बरं, कळवतो," म्हणाला आणि गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याने तर चपलाही काढल्या नाहीत.

माझ्या तोंडावर काही लिहिलंय का? नवरा म्हणतो, "तू दार उघडतानाच 'कमी करा' म्हणतेस." खोटं! तिसऱ्यालाच फक्त म्हणाले.

८ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याने पुढची खोली मोजली. शिडी मध्ये येत होती म्हणून मागे न्हाणीघरात नेऊन उभी केली. खोली दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी भरली. मोठी भरली ती आपण लिहू, म्हणाला.

९ फेब्रुवारी

आज रंगारी मिळाला! तोंडाला कुलूप लावून दार उघडलं, दराचा शब्द काढला नाही, नुसती हसले. टिकला. चौथा होता, खांद्यावर शिडी घेऊनच आलेला. भिंतीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभा राहिला. मला वाटलं चक्कर आली. "भिंतीचं मन बघतोय," म्हणाला. याचं नाव कवी. दर मात्र गद्य आहे, परवडेल असा.

"उद्यापासून लागतो," म्हणाला. तेव्हा मला सुचलं. मोठ्या मायेने म्हटलं, "शिडी राहू द्या इथेच. उगाच कशाला वागवता?" शिडी माझ्याकडे म्हणजे माणूस माझ्याकडे! दुसरीकडे कामाला जाणार कसा? कवी लगेच तयार झाला. इतका लगेच की माझं मलाच कौतुक वाटलं.

आवक: एक शिडी. जावक: एक रंगारी.

११ फेब्रुवारी

प्लंबर मिळाला, फरशीवाला मिळाला, वायरमन मिळाला. तिघेही स्वस्त. तिघांनीही आत पाऊल टाकल्याबरोबर एकच प्रश्न विचारला — "कोणी केलंय हे काम?" आणि असा सुस्कारा सोडला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी केलेलं नाही हो!

फरशीवाला म्हणतो, घरच वाकडं आहे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण आजवर ऐकली होती, तो माणूस आज बघितला. वायरमनच्या एका कानावर पेन्सिल, दुसऱ्यावर टेस्टर. बोललेलं आत जायला जागाच नाही. प्लंबर फक्त एकच शब्द नीट बोलतो — "उद्या." याचं नाव उद्यासाहेब.

तिघांनाही तीच मात्रा. "सामान राहू द्या इथेच." तिघेही खूश. पाने-पकडींची पिशवी, फरशीवाल्याचं घमेलं आणि थापी, वायरचं वेटोळं, ड्रिल. पुढच्या खोलीत रांगेत मांडून ठेवलं.

नवरा बघत राहिला. म्हणाला, "सगळ्यांना ओलीस ठेवलंस की!" त्याने बघू न म्हणता काहीतरी म्हटलं, याचाच आनंद झाला. आज मी फार हुशार आहे.

१३ फेब्रुवारी

कोणी आलं नाही.

फोन केले. उद्यासाहेब: "निघालोच." कुठून निघाले ते सांगत नाहीत. कवी: "आज हवेला रंग नाही." फरशीवाला: "घराचा विचार करतोय." वायरमन: "ताई, तुमच्याकडे लाइट नाही ना, अंधारात काय बघू?" अहो, लाइट नाही म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय!

१४ फेब्रुवारी

आवक शून्य. जावक शून्य. कबुतर एक, तेही आपणहून आलेलं.

१६ फेब्रुवारी

भावजी बघायला आले. रांगेत मांडलेलं सामान बघून म्हणाले, "दुकान छान लावलंयस. विकणार काय — घमेली?" मग पिशवीतून एक उशी काढली. चौकोनी, जांभळी, कडेला नाडी. "गल्ल्यावरची खुर्ची टणक आहे. तुझ्यासाठी शिवून घेतली. आतला कापूस स्वतः निवडलाय."

मला रडूच आलं. त्यांना वाटलं आनंदाने. भावजी वाईट असते तर किती सोपं झालं असतं! मी भांडले असते, दार आपटून आले असते. (दारही लागत नाही म्हणा. सुतार अजून शोधायचाय.) एवढ्या मायेने कोणी खड्डा खणून त्यात उशी ठेवली तर माणसाने करायचं काय?

उशी खरंच मऊ आहे. मेली.

१७ फेब्रुवारी

आज कळलं! इतका राग आलाय की पेनचं टोक कागदातून पलीकडे जातंय.

कवीचा नाद सोडून दुसरा रंगारी बोलावला होता. दारातून डोकावला आणि वळला. मी फाटकापर्यंत धावत गेले. "अहो, निघालात कुठे? दर तरी ऐका!"

"बाई, आत माणसाची शिडी उभी आहे."

"शिडी आहे, माणूस कुठाय?"

"माणूस येईल हो. शिडी आहे ना."

"पण तुम्ही आलाय तर तुम्हीच करा की!"

त्याने कानाला हात लावले. "उभ्या शिडीत आम्ही शिरत नाही. ज्याची शिडी, त्याचं काम. दोन महिने येईना का, कोणी हात लावणार नाही. म्हणून तर प्रत्येकाकडे पाच-सहा शिड्या असतात."

म्हणजे मी त्यांना ओलीस ठेवलं नव्हतं. त्यांनी मला ठेवलं होतं! सामान ठेवलं की काम बुक, मग बाकीच्या गावभर कामं धरायला मोकळे. आणि मी मायेने म्हणत होते, राहू द्या, राहू द्या. ते पहिले तिघे परत गेले ते माझ्या तोंडाकडे बघून नाही, त्या पिस्ता थेंबांच्या शिडीकडे बघून! कधीचा कोण रंगारी, कुठल्या वर्षी "उद्या लागतो" म्हणून गेला, आणि त्याच्या शिडीने अजून घर धरून ठेवलंय.

नवऱ्याला सांगितलं. तो इतका हसला की खोकला लागला. मी पाणी दिलं नाही.

१८ फेब्रुवारी

राग उतरला. आता भीती वाटतेय. फार थोडे दिवस उरलेत. सगळ्यांना सामान घेऊन जा म्हणावं, तर नवीन माणसं कुठून आणू? आणि तीही आपल्या शिड्या घेऊनच येणार! आगीतून फुफाट्यात.

१९ फेब्रुवारी

काहीतरी विलक्षण घडलं.

डोकं चालेना म्हणून फरशी पुसायला काढली. (जुनीच फरशी. नवीचे खोके बंद.) पुसताना उद्यासाहेबांची पिशवी मध्ये येत होती, ती उचलून बाहेर रस्त्याकडेच्या कट्ट्यावर ठेवली. फडकं पिळून होतंय न होतंय तोच उद्यासाहेब दारात! धापा टाकत! हातात अर्धा चहा!

"पिशवी बाहेर का? मी काय मेलोय? नाक्यावर सगळे बघतायत!"

म्हणजे नाक्यावरच होते. इतके दिवस. इथून दिसेल इतक्या अंतरावर.

मी काही बोलायच्या आत उद्यासाहेब बाह्या वर करून न्हाणीघरात शिरले, आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. नळाला पाणी आलं. आधी लाल, मग तपकिरी, मग चक्क पाण्यासारखं. मी त्या पाण्याने तोंड धुतलं आणि उगाचच पुन्हा धुतलं.

सामान आत म्हणजे काम बुक. सामान रस्त्यावर म्हणजे माणूस काढला, आणि तोही चारचौघांत! घोडं कुठे पेंड खातं ते आज समजलं.

२० फेब्रुवारी

नवऱ्याला म्हटलं, उद्या शनिवार, तुला सुट्टी, सकाळी माझ्याबरोबर चल. सामान उचलायचंय. "सगळं?" म्हणाला. सगळं!

२१ फेब्रुवारी, शनिवार

काय दिवस होता!

सकाळी सगळं बाहेर काढलं. कवीची शिडी, घमेलं, थापी, ड्रिल, वेटोळं, आणि पिशवीही पुन्हा, कारण सिंक राहिलं होतं. कट्ट्यावर ओळीने मांडलं, नाक्यावरून नीट दिसेल असं. पिस्ता शिडीही ठेवली, होऊन जाऊ दे. समोरच्या काकूंनी खिडकी सोडून चक्क दारात खुर्ची आणली.

पहिला वायरमन आला. पळताना टेस्टर पडला, पेन्सिल टिकली. मागून फरशीवाला आणि उद्यासाहेब. मग कवी — सायकल आडवी टाकून! "शिडी रस्त्यावर? असा अपमान कुठल्या भिंतीनेसुद्धा केला नाही माझा!" मी गरीब चेहरा केला. म्हटलं, "मला वाटलं तुम्ही काम सोडलंत. आत दुसरे येतायत." बस्स! चौघेही एकदम आत घुसले. दारातच अडकले. चौकट हलली.

मग जी झुंबड उडाली! एकाच दिवशी, एकाच घरात, चौघे, आणि प्रत्येकाला आपण आधी असल्याचं सिद्ध करायचं होतं. फरशीवाला फरशी बसवत मागे मागे सरकतोय, कवी रंग देत मागे मागे सरकतोय, मधोमध दोघांची पाठीला पाठ लागली. "कोणी केलंय हे काम?" असं एकमेकांदेखत एकमेकांना विचारून झालं. उद्यासाहेबांनी पाणी सोडलं, वायरमन ओरडला. वायरमनने लाइट लावला, कवी ओरडला, म्हणाला या उजेडात भिंत खोटं बोलते. नवरा सगळ्यांना "बघू, बघू" म्हणत फिरत होता आणि आश्चर्य म्हणजे त्यानेच भांडणं मिटत होती. चहा काकूंनी दिला. इतका तमाशा फुकट बघितल्यावर द्यायलाच हवा.

ओल्या फरशीवर कुणीतरी पाय दिला. कुणी दिला ते कबूल करायला कोणी तयार नाही. ठसा मात्र सायकलवाल्याच्या चपलेचा आहे.

संध्याकाळी सामान गोळा करून आपापलं आत नेऊन ठेवलं सगळ्यांनी. मी म्हटलं, "ठेवा. उद्या नऊ वाजता दिसला नाहीत तर बाहेर." कोणी हसलं नाही.

कट्ट्यावर एकटी पिस्ता शिडी उरली. मी म्हटलं, घेऊन जा कोणीतरी. चौघेही मागे सरले. "नको ताई. कोणाची तरी आहे. येईल तो." शेवटी मीच आत आणली. इतक्या वर्षांत न आलेल्या माणसाचं केवढं ते राखतात! माझ्या ऑफिसने माझी खुर्ची दुपारपर्यंतही राखली नव्हती.

२४ फेब्रुवारी

रोज नऊला हजर. कवीने पुढची खोली पूर्ण केली. रंगाला "पहाटेचा विचार" म्हणतो. पांढराच आहे. पायाचा ठसा असलेली फरशी काढून बदलली. फरशीवाला म्हणाला, आता घर थोडं सरळ झालंय.

सुतार मिळाला. त्याची करवत मीच हातातून काढून घेतली आणि त्याच्या हातात परत दिली. "घरी न्या. उद्या घेऊन या." बिचारा गोंधळला. म्हणाला, "मग काम माझं आहे की नाही?" पण आला!

२७ फेब्रुवारी

सगळं झालं, आणि शेवटी घात झाला.

उंबऱ्याची फरशी ओली होती, फरशीवाल्याने कोणाला ओलांडू दिलं नाही. वायरमन आतच अडकला. बेल बसवायची राहिली होती. रिकामा कसा बसणार? बसवली. बटण आत!

घराच्या आतून बेल वाजते. बाहेर नुसतं भोक. वायरमन म्हणाला, "वाजते ना?" वाजते. फार गोड वाजते. आता भिंत फोडली तर कवी माझा जीव घेईल, आणि उद्या भावजी गिऱ्हाईक घेऊन येणार. दलालालाही बोलावून ठेवलंय म्हणे, हाताशी असावा म्हणून.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. जेवण गेलं नाही. नवऱ्याने माझा हात धरला. बघूसुद्धा म्हणाला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

विकलं!!

गिऱ्हाईक नवरा-बायको आले. मागे भावजी, त्यांच्या मागे दलाल. नवरा नळ उघडून बघत होता, बायको गप्प. सगळं घर फिरली. दारापाशी आली आणि बटण दाबलं. घरभर टिंगटाँग. भावजींनी डोळे मिटले.

"हे आत का?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून काय निघालं कुणास ठाऊक! म्हटलं, "पाहुणे उठत नसले की वाजवायचं. दुसरं कोणी आलंय असं वाटून निघतात."

ती नवऱ्याकडे वळली. पहिल्यांदा हसली. "तुमचे काका," एवढंच म्हणाली. नवऱ्याने मान खाली घातली. घर त्याच क्षणी विकलं गेलं, बाकीचं नुसतं बोलणं होतं. भावजींचे पैसे सुटले, माझे सुटले, वर राहिले तेही बरे आहेत. दलाल चहा पिऊन गेला.

फाटकाशी भावजी थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तरी उद्या दुकानात ये. काम आहे." एवढं करूनही! मी रात्रभर त्या जांभळ्या उशीला शिव्या देणार आहे.

१ मार्च, रविवार

दुकानात गेले. उशी परत करायला बरोबर नेली होती. भावजींनी तिच्याकडे बघितलंही नाही. बोट वर केलं. छत गळतंय, थेट महागाच्या गाद्यांवर. "तुझी ती माणसं... स्वस्तातली. तू बघशील का? म्हणजे — तूच घे काम." मी कमरेवर हात ठेवून वर बघितलं. सुस्कारा सोडला. "कोणी केलंय हे काम?" म्हटलं. भावजी ओशाळले! "उद्यापासून लागते," म्हटलं, आणि विकलेल्या घरातून पिस्ता शिडी आणून गाद्यांच्या मधोमध उभी केली. भावजी मायेने म्हणाले, "राहू दे इथेच. उगाच कशाला वागवतेस?"

येताना नाक्यावर चहा घेतला. समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या कामालाही उद्याच म्हटलंय. तिथे मोजायची टेप ठेवून आलेय.